तहकूब सभा

वाक्य तोंडातून निघून गेलं आणि समोरच्या सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. वाक्य तसं साधं होतं. ‘ज्याला खुर्ची सोडायची नसते, तो आधी सभा पुढे ढकलतो,’ एवढंच श्रीनिवासराव म्हणाले होते, आणि तेही लंडनच्या पार्लमेंटबद्दल. उभा जन्म राज्यशास्त्र शिकवण्यात गेलेल्या माणसाला अशी वाक्यं जुळवावी लागत नाहीत, ती आपोआप येतात, आणि आली की वर्गात थोडंसं हसू पिकतं. आज ते पिकलं नाही. पहिल्या रांगेतले सलिल गोऱ्हे, मंडळाचे चिटणीस, स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. त्यांच्या शेजारी बसून टिपणं घेणाऱ्या तेजस्विनीचं पेन थांबलं. मागून कोणीतरी खोकलं, पण तो खोकला खरा नव्हता. खालच्या रस्त्यावर एक स्कूटर सुरू होत नव्हती, तिच्या किका तेवढ्या ऐकू येत होत्या. हे असं का झालं हे कळायला श्रीनिवासरावांना क्षणभर वेळ लागला, आणि मग कळलं तेव्हा कानांच्या पाळ्या तापल्या. मंडळाची वार्षिक सभा गुढीपाडव्यापासून त्यांनीच पुढे ढकलत आणली होती. आता दिवाळीही होऊन गेली होती. आणि ते अजून त्याच अध्यक्षाच्या खुर्चीत, तिचे दोन्ही हात धरून बसले होते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला. पेला हातात असेपर्यंत माणसाला बोलावं लागत नाही, ही सवलत जगातल्या सगळ्या वक्त्यांना आहे.

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या या अभ्यास मंडळाला लिखित घटना नव्हती. नियमांचं पुस्तक नाही, ठराव नाहीत, मतदान नाही. पुण्यात चार माणसं जमली की आधी घटना लिहितात आणि मग फुटतात, तेव्हा आपण लिहायचीच नाही, असं म्हणे संस्थापकांनी ठरवलं होतं. चाललं होतं ते सगळं संकेतांवर. त्यातला मोठा संकेत अध्यक्षपदाचा. पाडव्यानंतरच्या पहिल्या शनिवारी वार्षिक सभा, आणि तिच्या सुरुवातीला, कोणीही काहीही न म्हणता, जुन्या अध्यक्षाने आपण होऊन उठायचं आणि सगळ्यांत मागच्या रांगेत जाऊन बसायचं. मग अजून अध्यक्ष न झालेल्यांपैकी मंडळात येऊन ज्याला सगळ्यांत जास्त वर्षं झाली असतील त्याने पुढे येऊन खुर्चीत बसायचं. हार नाही, नारळ नाही, आभारप्रदर्शनही नाही. आभार न मानणारं हे पुण्यातलं एकमेव मंडळ असावं, असं श्रीनिवासराव कौतुकाने सांगत. वर्गातही सांगत. ‘इंग्लंडची राज्यघटना समजून घ्यायला इंग्लंडला जायला नको,’ ते म्हणत, ‘शनिवारी आमच्या मंडळात या.’ त्यांच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी उत्तरपत्रिकेत पार्लमेंटच्या जोडीने दवाखान्याच्या माडीचं उदाहरण लिहिलं होतं आणि त्यावर गुण मिळवले होते.

पाणी कोमट होतं. ते गिळताना त्यांना वर्ग आठवला, दुपारचा, अर्ध्या रिकाम्या बाकांचा. ‘ब्रिटनची राज्यघटना अलिखित आहे, चर्चा करा.’ मुलं चर्चा करायची नाहीत, पाठ करायची. राजा विधेयकावर सही नाकारू शकतो, पण नाकारत नाही. पंतप्रधानाला सभागृहाने नको म्हटलं की तो जातो. का जातो? कायदा आहे का? नाही. मग? या ‘मग’वर ते थांबत, आणि दाराजवळच्या बाकावर बसणारी मांजरी गावची एक मुलगी, तेलाने चापून वेणी घातलेली, एकदा म्हणाली होती, ‘लाज वाटत असंल, सर.’ वर्ग हसला होता. श्रीनिवासराव हसले नव्हते. त्यांनी ते उत्तर फळ्यावर लिहिलं होतं. ती मुलगी म्हणजे ही तेजस्विनी. आता तीही प्राध्यापक होती, डोक्यात पांढरं दिसू लागलं होतं, आणि ते उत्तर ती विसरली असेल असं मानायला काही जागा नव्हती.

त्यांच्या विषयाला तडा गेला तो निवृत्तीनंतर, त्यांच्या डोळ्यांदेखत, दूरदर्शनच्या पडद्यावर. युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावरून तिथे रणं माजली होती, आणि सभागृह आपल्याला अडवणार हे दिसताच तिथल्या पंतप्रधानांनी राणीला सल्ला देऊन सभागृहच काही आठवडे बंद ठेवलं. कारण दिलं, की सरकारला नवा कार्यक्रम आखायचा आहे. राणीने सही केली, कारण सल्ला मिळाला की सही करायची हाही संकेतच. श्रीनिवासराव खुर्चीतून उठून उभे राहिले होते. ‘असं करता येत नाही!’ ते पडद्यावरच्या माणसाला म्हणाले होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई शेजारी मटार सोलत होत्या. ‘झालं काय?’ त्यांनी विचारलं. श्रीनिवासरावांनी सांगितलं, बरंच लांबण लावून, राजाच्या विशेषाधिकारापासून. बाईंनी एक शेंग सोलली. ‘म्हणजे पाहुणे जाब विचारायला यायचे म्हणून घराला कुलूप लावून बसायचं. तसंच ना?’ ते चिडले होते. इतक्या शतकांचा विषय आणि ही बाई मटारांबरोबर सोलून ठेवते! मग पुढच्या महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, अकराच्या अकरा न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं, की तो सल्ला बेकायदा होता, तेव्हा सभागृह बंद झालंच नव्हतं असं समजा. त्या दिवशी त्यांनी घरात बासुंदी आणली. ‘घटना वाचली,’ ते म्हणाले. आणि बाई म्हणाल्या, ‘वाचली हो, पण शेजाऱ्यांना मधे पडावं लागलं.’ बासुंदी त्यांना तेव्हा जरा कमी गोड लागली होती.

आनंदीबाई गेल्या त्याला नुकत्याच झालेल्या दिवाळीत वर्ष झालं. ज्या पाडव्याला ते अध्यक्ष झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात बाईंना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, आणि मग ते वर्ष औषधांच्या वासात, लिफ्टच्या रांगेत आणि ‘आज जरा बरं आहे’ या वाक्याच्या आशेवर गेलं. खुर्ची बहुतेक शनिवारी रिकामी राहिली. तिच्यावर दुसरं कोणी बसलं नाही. दिवाळीत बाई गेल्या, आणि घरी इतकी शांतता झाली की कुकरची शिटी झाली तरी ते दचकत. जानेवारीपासून ते मंडळात नियमाने येऊ लागले. जिना चढून वर यायचं, खुर्चीत बसायचं, कोणीतरी ‘सर’ म्हणायचं. आठवड्यातला तेवढा एक तास त्यांना आपण अजून आहोत असं वाटे. आणि लगेच पाडवा आला. माझं वर्ष झालंच कुठे, असं त्यांच्या मनात आलं. तक्रार म्हणून नाही, एखाद्या मुलाला भूक लागावी तसं आलं. ते सलिलना म्हणाले, ‘ऊन फार आहे. वार्षिक सभा जूनमध्ये घेऊ.’ सलिल म्हणाले, ‘बरं.’ जूनमध्ये पाऊस होता. श्रावणात लोकांना उपास होते. गणपतीत रस्ते बंद, पितृपक्षात शुभकार्य नको, नवरात्रात बायकांना जमायचं नाही. सदाशिव पेठेत सभा पुढे ढकलायला कारणांचा तुटवडा पडत नाही. दर वेळी सलिल ‘बरं’ म्हणाले, आणि सलिल हे गृहस्थ असे, की दूधवाल्यालाही नुसतं ‘बरं’ म्हणून कधी सोडत नसत. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

आणि आता पेल्यात घोटभर पाणी उरलेलं असताना त्यांना एक म्हातारी आठवली. पाडव्यानंतरच्या त्या पहिल्या शनिवारी तेजस्विनीबरोबर तिची आई आली होती. बायडाबाई. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी वर आलेली. मांजरीहून. सभा पुढे गेल्याचा निरोप तेजस्विनीला मिळाला तेव्हा त्या घरातून निघालेल्या असणार. त्या शनिवारी कोणाचं तरी साधंच व्याख्यान झालं. म्हातारी भिंतीशी खुर्ची धरून बसली, चहा प्याली, आणि निघताना त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, ‘आमची तेजू शानी हाय ना हितं?’ ते म्हणाले, ‘फार हुशार आहे हो तुमची मुलगी.’ ‘मंग झालं,’ असं म्हणून ती हसली होती. ती कशासाठी आली होती हे त्यांनी स्वतःला विचारलंसुद्धा नाही. लेकीला त्या खुर्चीत बसलेलं बघायला आली होती. आणि आपण तिला चहा पाजून, हुशारीचं प्रमाणपत्र देऊन परत पाठवलं. नंतर तेजस्विनी एकदा बोलता बोलता म्हणाली होती, आईचे गुडघे आता पार गेले, ती घराबाहेर पडत नाही.

पेला रिकामा झाला. तो खाली ठेवावा लागला.

‘तर,’ ते म्हणाले, आणि पुढचं भाषण जिभेने आपलं आपण चालवलं. मन मागेच राहिलं. त्यांनी न्यायालयाचा निकाल सांगितला. नंतरच्या वर्षांतला तो दुसरा प्रसंग सांगितला, जेव्हा पंतप्रधान उठत नाहीत म्हणून त्यांचे मंत्रीच एकामागून एक राजीनामे देत सुटले, आणि शेवटी राज्य करायला कोणी उरलं नाही तेव्हा गृहस्थ उठले. ही बुद्धिमान माणसं होती, चांगल्या शाळांतून शिकलेली, असं ते म्हणाले. मग टिपणात नसलेलं एक वाक्य आलं. ‘एरवी मी त्यांना वाईट म्हणत असे. पण माणूस वाईट असतोच असं नाही. त्याला आपलं कारण खरं वाटत असतं.’ सलिलनी वर पाहिलं आणि म्हणाले, ‘सर, चहा आलाय. गार झाला तर लंडनचाही उपयोग नाही.’ लोक सुटकेने हसले आणि उठले. असा माणूस दर मंडळात एक असावा, असं श्रीनिवासरावांना मनापासून वाटलं.

चहा जिन्याजवळच्या टेबलावर होता. ते उठले नाहीत. तेजस्विनी त्यांचा कप घेऊन आली, बिनसाखरेचा, आणि समोर उभी राहिली.

‘बस,’ ते म्हणाले. ती बसली. ‘एक विचारू? खरं सांगशील?’

‘सर, तुमच्याशी खोटं बोलले तर तुम्ही गुण कापता.’

‘पाडव्यापासून तू एका शब्दाने बोलली नाहीस. तुझी पाळी होती. सलिल बोलले नाहीत. कोणीच बोललं नाही. तुम्ही सगळे मला काय समजत होतात?’

तेजस्विनीने कप दोन्ही हातांत धरला. ‘सुरुवातीला राग आला होता, सर. आईला घेऊन आले होते ना. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, का गं, झालं नाही का? मी म्हटलं, पुढं ढकललंय. ती म्हणाली, मास्तरांची मंडळी गेलीय, बसू दे त्यांना जरा. मग माझा राग गेला.’

श्रीनिवासरावांनी कप खाली ठेवला. त्या बाईला माहीत होतं. ‘आमची तेजू शानी हाय ना,’ म्हणताना माहीत होतं.

‘आणि जूननंतर?’

‘जूननंतर दोघातिघांनी विषय काढला. मतदान घ्या, एक ओळीचा ठराव करा, असं. गोऱ्हे काका म्हणाले, करा, पण मग पुढच्या वर्षीपासून दर वेळी करावा लागेल. कोणी उठलं नाही की ठराव, कोणी बसलं नाही की ठराव. मग आपलं मंडळ राहणार नाही, सोसायटी होईल.’ ती जराशी हसली. ‘आणि मला तुमचंच आठवलं. निकाल लागला त्या महिन्यात तुम्ही इथेच बोलला होतात. सगळे खुशीत होते, आणि तुम्ही शेवटी म्हणालात, न्यायालयाला सांगावं लागलं तिथेच संकेत हरला. म्हणून आम्ही सांगितलं नाही. म्हटलं, सरांना सांगावं लागणार नाही.’

‘आणि मी उठलोच नसतो तर?’

‘उठला असता.’

‘कशावरून?’

‘कशावरून म्हणजे काय, सर,’ तेजस्विनी म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात एकदम मांजरी आली, ‘तुमी हाय तसलंच.’

त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकाच वेळी होणं त्यांच्या वयाला बरं दिसत नव्हतं, पण झालं. इतके महिने ते समजत होते की आपण खुर्ची धरून ठेवली आहे. खरं तर ही माणसं ती त्यांच्याखाली धरून उभी होती. दर शनिवारी येत होती, माना डोलवत होती, ‘बरं’ म्हणत होती, आणि मनातल्या मनात त्यांच्या भलेपणावर पैज लावून बसली होती. ते शिकवत आले होते की अलिखित घटना भल्या माणसांवर चालते. ती भली माणसं खुर्चीत बसतात असं त्यांनी कायम गृहीत धरलं होतं. समोर बसणाऱ्यांचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता, आणि अभ्यासक्रमातही तो नव्हता. त्यांना या सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले, एकेकाचा हात धरून, आणि मंडळात ती पद्धत नसल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

लोक परत येऊन बसले. कपांचे आवाज थांबले. तेजस्विनी आपल्या जागी जाऊन टिपणाचं पान उलटत होती. श्रीनिवासरावांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. गुडघ्यांनी कुरकुर केली. ते उठले. कोणाकडे न बघता, मधल्या वाटेने, ते मागे चालू लागले. चाळीसेक माणसांच्या त्या हॉलमध्ये कोणी हूं की चूं केलं नाही, फक्त वाटेवर ठेवलेली एक पिशवी सलिलनी पायाने बाजूला सरकवली. शेवटच्या रांगेत भिंतीशी एक जागा रिकामी होती. ते तिथे बसले तेव्हा समोर तेजस्विनी उठली होती. ती खुर्चीपर्यंत गेली, साडीचा पदर सारखा केला आणि बसली. मग तिने पर्समधून फोन काढला, खुर्चीतूनच तो समोर धरला आणि त्यात बघून हळूच हात हलवला. पलीकडून कोणीतरी मोठमोठ्याने काहीतरी म्हणालं. शब्द कळले नाहीत, पण आवाज म्हातारा होता आणि आनंदाचा होता. हॉलमध्ये अशी गोष्ट कधी झाली नव्हती आणि संकेतात बसतही नव्हती. कोणी काही म्हटलं नाही.

‘सरांचं व्याख्यान अर्धं राहिलंय,’ फोन ठेवून तेजस्विनी म्हणाली.

‘झालं माझं,’ ते मागून म्हणाले. ‘तू पुढे चालव.’

ती चालवू लागली. लिहून ठेवलेलं नसलं म्हणजे नसतंच असं नाही, इथून तिने सुरुवात केली. श्रीनिवासरावांच्या शेजारी संभाजीराव बसले होते. बिबवेवाडीहून दोन बस बदलून येणारे, जुन्या छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. वर्षानुवर्षं याच जागी बसत. मान इतकी लक्षपूर्वक पुढे काढून ऐकत, की श्रीनिवासराव अनेकदा त्यांच्याकडे बघूनच बोलत. आता संभाजीराव त्यांच्या कानाशी वाकले.

‘सर, बरं झालं इकडे आलात. पण एक सांगतो, इथनं काही ऐकू येत नाही बरं का.’

‘असं? मला तर येतंय.’

‘मग माझे कान असतील. गेलेत ते कधीचेच.’

श्रीनिवासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘अहो, मग इतकी वर्षं तुम्ही ऐकत काय होता?’

‘बाई सांगायच्या ना.’

‘कोण बाई?’

‘तुमच्या आनंदीबाई. त्या इथंच बसायच्या, तुमची आता ही जागा आहे ना, तिथंच. तुम्ही बोलत असलात की हळूच सांगायच्या. तुमचं एवढं मोठं असायचं, त्या दोन वाक्यांत सांगायच्या.’ संभाजीराव संकोचून थांबले. ‘राग मानू नका, पण तुमच्यापेक्षा बरं सांगायच्या. ते पार्लमेंट बंद ठेवलेलं, घराला कुलूप लावून बसलेत म्हणाल्या, तेव्हा मला एकदम समजलं. त्या गेल्यापासून मी आपला नुसता येऊन बसतो. सवय झालीय.’

बाई शनिवारी श्रीनिवासरावांबरोबर यायच्या आणि मागे बसायच्या, ते त्यांना वाटे, घरी लवकर निघून कुकर लावता यावा म्हणून. घरी पोचल्यावर ते विचारायचे, ‘आज कसं झालं?’ आणि त्या म्हणायच्या, ‘चांगलं झालं,’ आणि ते मनात म्हणायचे, हिला काय कळलं असणार. खुर्चीचे हात हातांत असतानाही त्यांना इतकं समृद्ध वाटलं नव्हतं. आपण बोलत होतो, आणि आपलं बोलणं या कोपऱ्यात कोणीतरी हातात घेऊन, सोलून, एका बहिऱ्या माणसाच्या ओंजळीत घालत होतं. आपल्याला पत्ताही नव्हता.

पुढे तेजस्विनी बोलत होती. संभाजीरावांनी सवयीने मान पुढे काढली होती आणि ते तिच्या ओठांकडे बघत होते. श्रीनिवासरावांनी घसा साफ केला, खुर्ची थोडी सरकवली आणि त्यांच्या कानाशी वाकले.

‘ती म्हणतेय,’ ते म्हणाले, आणि थांबले. वाक्य लांब होत होतं. त्यांनी ते मनात मोडलं, अर्धं टाकून दिलं, आणि पुन्हा सुरुवात केली.